वहीतला लाल दोरा

पत्र थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका एसटी कंडक्टरांचं सहा पानी पत्र आलं आहे. मुलगी नववीत. जूनमध्ये मुक्कामी गाडीवरून सकाळी घरी आल्यावर गॅसचा नंबर टिपायला कोरा कागद शोधताना त्यांना तिची रफ वही सापडली. पुढून गणितं, आणि वही उलटी केली की मागून गोष्टी. बारीक अक्षरात, एकही रेघ न सोडता. त्यातल्या एका गोष्टीत कंडक्टर बाप आहे. वाचताना त्यांना उभ्याउभ्या रडू आलं. तेव्हापासून मुलगी क्लासला गेली की ते वही काढतात, नवीन पानं वाचतात आणि होती तशी पेटीत स्वेटरखाली ठेवतात. वहीत एक लाल दोरा असतो, तोही आठवणीने त्याच पानात. चार पानांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत. स्टँडवर गाडी थांबली की ते काढून बघतात. बायकोला सांगितलेलं नाही, कारण ‘पुढच्या वर्षी दहावी आणि हे काय’ असं ती म्हणेल. त्यांचा प्रश्न असा: हे तिच्या मराठीच्या सरांना दाखवू का? की तिला न सांगता एखाद्या दिवाळी अंकाला पाठवू आणि छापून आल्यावर अंकच तिच्या हातात ठेवू? ते लिहितात, ‘सोपानदेवांनी आईची गाणी अत्र्यांना दाखवली नसती, तर बहिणाबाई कुणाला कळल्या असत्या?’ आणि शेवटच्या पानावर, वेगळ्या शाईत: ‘त्या गोष्टीतल्या बापाबद्दल एक वाक्य आहे. ते मनात रुतून बसलंय. तिला मी असा वाटतो का?’

*

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही स्टँडवर गाडीच्या पायरीपाशी उभे राहून मोबाइल डोळ्यांजवळ धरून ते बारीक अक्षर वाचताय, असं दिसत राहिलं. आपल्या पोरीला हे येतं, आणि ते आपण तिला शिकवलेलं नाही, कुणीच शिकवलेलं नाही, हे कळणं केवढं मोठं असतं! तुम्हाला रडू आलं यात नवल नाही. हा अभिमान कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून तुम्ही एका अनोळखी बाईला सहा पानं लिहिलीत. तो माझ्यापर्यंत पोचला.

आता आधी त्या दोऱ्याबद्दल बोलते, कारण पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख जाताजाता केला आहे आणि माझं लक्ष तिथेच अडकलं.

तुम्हाला तो खुणेचा दोरा वाटतो. कुठवर लिहिलं ते कळावं म्हणून ठेवलेला. पण तुम्हीच लिहिलंय की तो नेहमी लिहिलेल्या पानांच्या मधोमध, आडवा असतो, आणि जूनमध्ये नव्हता. दादा, नववीत असताना मीही माझ्या वहीत असाच एक केस ठेवायचे. वही कुणी उघडली तर तो सरकतो, पडतो. उघडणाऱ्याने परत ठेवला तरी तो आपण ठेवला होता तसा बसत नाही. सगळ्याच मुली असं करतात असं नाही, आणि मी तुमच्या घरात नाही. पण मला वाटतं, वही कुणीतरी उघडतंय अशी शंका तिला आली आहे. कोण, ते कदाचित कळलं नसेल. ती पाळत ठेवून आहे.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न आता ‘कुणाला दाखवू’ हा राहिलेला नाही.

त्याआधी बहिणाबाईंचं बोलू, कारण तुमचा तो मुद्दा खरा आहे आणि मी तो बराच वेळ मनात घोळवला. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरमध्ये गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. मुलाने दाखवलं नसतं तर ते सोनं घरातच राहिलं असतं, हे अगदी बरोबर. पण ती गाणी लपवलेली होती का? बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर म्हणत, शेतात म्हणत, चारचौघांत म्हणत. घरातली लिहिणारी माणसं ती ऐकून उतरवून घेत. आईने मोठ्याने गायलेलं मुलाने जगापुढे नेलं. तुमच्या लेकीने मोठ्याने काही म्हटलेलं नाही. तिने वही उलटी केली, मागून लिहिलं, पेटीत ठेवली, वर स्वेटर ठेवला आणि आता दोरा ठेवला. एवढ्या सगळ्यातून ती काहीतरी सांगते आहे.

मला या बाबतीत दुसरीच एक बाई आठवते. ॲन फ्रँकची डायरी आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये ॲन आणि तिच्या घरच्यांना पकडून नेलं, तेव्हा जमिनीवर विखुरलेले तिचे कागद, त्यांना लपून राहायला मदत करणाऱ्या मीप खीस या बाईने गोळा केले आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवून दिले. वाचले नाहीत. मुलगी परत येईल, तिचं तिला देऊ, एवढंच तिच्या मनात होतं. मुलगी परत आली नाही हे कळल्यावर तिने ते सगळे कागद ॲनच्या वडिलांच्या हातात दिले. वडिलांनी वाचल्यावर काय म्हटलं, ते प्रत्येक आईबापाने ऐकावं असं आहे: ही ॲन मला माहीत नव्हती, आणि आईबाप आपल्या मुलांना खरं तर ओळखतच नाहीत. ॲनने स्वतः १९४४ च्या वसंतात पुढे पुस्तक करायचं म्हणून डायरी नव्याने लिहायला घेतली होती. छापायची इच्छा तिची होती. त्या वडिलांपाशी लेकीचे कागदच तेवढे उरले होते. तुमची लेक तुमच्या घरात आहे, संध्याकाळी क्लासहून येते, तुमच्यासमोर जेवायला बसते.

मुलं लपवून लिहितात म्हणजे त्यांच्यात आत्मविश्वास नाही, असं आपण धरून चालतो. तुमच्या पत्रातही ‘तिची भीड मोडावी’ असं आहे. मला ते तसं वाटत नाही. भिजवलेल्या मटकीला मोड यायला हवेत म्हणून आपण ती फडक्यात बांधून ठेवतो आणि दर तासाला सोडून बघत नाही. चौदाव्या वर्षी माणूस स्वतःला जरा बाजूला घेऊन बघत असतो. तिथे कोणी ‘छान’ म्हणायला नको असतं, ‘वाईट’ म्हणायलाही नको असतं. तिथे चुकीचं, अर्धवट, खोटं, उलटसुलट सगळं लिहिता येतं. बघणारं कोणी आहे असं कळलं की पेन बघणाऱ्यासाठी चालायला लागतं. तुम्हाला जे वाचून रडू आलं ते इतकं खरं उतरलं, याचं एक कारण ते तुमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

माझं सांगते. माझ्या आईला माझी वही सापडली तेव्हा तिला फार अभिमान वाटला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. आईने मला स्वयंपाकघरातून हाक मारली आणि माझी पावसावरची कविता सगळ्यांसमोर वाचून दाखवली. चांगली वाचली, सावकाश, मनापासून. सगळ्या ‘वा वा’ म्हणाल्या. माझी आत्या चिवड्याची बशी हातात धरून म्हणाली, ‘अगं, पण यातला तो कोण?’ सगळ्या हसल्या. कवितेत ‘तो’ पाऊस होता. मी कुणाला काही बोलले नाही. त्या रात्री वही बंबात घातली आणि लग्न होईपर्यंत त्या घरात एक ओळ लिहिली नाही. आईला शेवटपर्यंत कळलं नाही की मी का थांबले. ती सगळ्यांना सांगायची, लहानपणी फार सुंदर लिहायची हो. तिचं प्रेम खोटं नव्हतं, म्हणून तर तिच्यावर रागावताही आलं नाही.

हेच तिला न विचारता सरांना दाखवलेल्या वहीचंही होतं आणि दिवाळी अंकाचंही. तुमच्या डोळ्यांसमोर अंक हातात घेतलेली, हरखलेली लेक आहे. तसं होईलही कदाचित. पण हेही होईल: वर्गात अंक फिरेल, त्यातला कंडक्टर कोण हे सगळं गाव ओळखेल, तुमच्याच गाडीतली मुलं तुमच्याकडे बघून कुजबुजतील, आणि त्या गोष्टीतलं जे वाक्य तुमच्या मनात रुतलंय ते तिच्या आईच्या, आजीच्या, शेजारच्यांच्या हातात जाईल. तिने अजून ठरवलेलंही नसेल की ते वाक्य तिला ठेवायचंय की खोडायचंय. कायद्याचं म्हणाल तर तोही तिच्याच बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणारा हाच त्या लेखनाचा पहिला मालक. त्यासाठी वयाची अट नाही, नोंदणी लागत नाही, छापून आलेलं असावं लागत नाही. मुलांच्या खाजगीपणाचा हक्क मानणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ सालीच स्वीकारला आहे. घरात कायदा काढू नये हे मला कळतं. पण वही रफ असली, तुमच्या पैशाने आणलेली असली, तरी मजकूर तिचा आहे, हे एकदा मनाशी पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं जातं.

तर आता काय करायचं. वाचणं आजपासून बंद. हे सगळ्यात अवघड आहे, कारण पुढच्या गोष्टीत काय झालं ते तुम्हाला जाणून घ्यायचंय. फोटो काढून टाका, आणि मोबाइलच्या कचरापेटीतूनही काढा. घरात मोबाइल तिच्याही हातात येत असणार.

तिला सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. न सांगण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. एखाद्या आईला आवरताना चुकून एक पान दिसलं, तिने वही मिटून ठेवली, तर तिने मुलाला जाऊन कबुली द्यायची काही गरज नाही. ती मिटलेली वही पुरेशी आहे. पण तुम्ही अडीच महिने वाचताय, आणि तिथे दोरा आहे. ती आईवर संशय घेत असेल, धाकट्या भावावर घेत असेल. त्या दोघांनी काही केलेलं नाही. म्हणून तुम्ही सांगावं असं माझं मत आहे.

कसं सांगायचं, तर समोर बसवून नको. स्टँडकडे चालत जाताना, गाडीवर मागे बसवून क्लासला सोडताना, म्हणजे तिला तुमच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही असं. घरात इतर कुणी असताना नको, सहामाहीच्या आदल्या दिवशी नको. आणि थोडक्यात: ‘तुझी मागची वही मी उघडून वाचली. एकदा नाही, बऱ्याचदा. तुला न विचारता वाचली, माझं चुकलं. आता हात लावणार नाही. आईला किंवा भावाला यातलं काही माहीत नाही.’ बस. इथे थांबायचं. तुमच्या जिभेवर ‘पण किती सुंदर लिहितेस गं’ येईल. ते गिळा. माफी आणि कौतुक एका ताटात वाढलं की माफी फिकी पडते, आणि कौतुक लाच दिल्यासारखं लागतं.

ती चिडेल. पंधरा दिवस बोलणार नाही, पानं फाडेल, कदाचित लिहिणं काही दिवस सोडेल. ते सोसायचं. ‘मी बाप आहे, मला हक्क आहे’ हे वाक्य अजिबात नको. ‘मी तर कौतुकानेच वाचत होतो’ हेही नको. आणि तिने रागाच्या भरात नाहीतर महिन्याभराने, पाठ फिरवून, ‘मग कसं वाटलं?’ असं विचारलं, तर मात्र ‘छान’ म्हणून सोडून देऊ नका. जिथे तुम्ही थांबलात ती एक जागा सांगा. गोष्टीत हाताच्या तळव्यांबद्दल जे आहे, तिथे तुम्ही पान धरून उभे राहिलात ना? तेवढंच सांगा. शुद्धलेखन, ऱ्हस्व-दीर्घ, शेवट असा हवा होता, यातलं काही नको. लिहिणाऱ्याला आपलं वाक्य दुसऱ्याला नेमकं कुठे लागलं हे कळणं पोटभर असतं.

आता ते वाक्य.

तुम्ही ते पत्रात उतरवून पाठवलंत. मी ते इथे छापलेलं नाही, पुढेही छापणार नाही. एवढंच सांगते की त्यात एसटीतला एक शब्द आहे, रोजचा, गर्दीच्या गाडीत दर थांब्याला ऐकू येणारा. तो तिने घरासाठी वापरला आहे. तुम्ही तो वाचून ‘माझी घरात अडचण होते’ असा अर्थ काढलात. मला तो वाचताना उलट अर्थ लागला: भरलेल्या गाडीतही नवीन आलेल्याला बसायला जागा होतेच. दोन्ही अर्थ त्यात आहेत, आणि चौदा वर्षांच्या मुलीने दोन्ही एका शब्दात ठेवले, यासाठी तर तुम्हाला अभिमान वाटायला हवा. गोष्टीतला बाप तुमच्यासारखा दिसतो, तुमची बॅग घेतो, तुमच्या वेळी घरी येतो, तरी तो तुम्ही नाही. लिहिणारा घरातलं कापड घेतो आणि त्याचं दुसरंच काही शिवतो. ‘मी तुला असा वाटतो का?’ हा प्रश्न तिला कधीही विचारू नका. त्याने पुढच्या प्रत्येक गोष्टीतून बाप नाहीसा होईल. मात्र मुक्कामी ड्युट्यांमुळे आपण घरात पाहुण्यासारखे झालोय, अशी खंत तुमच्याच मनात असेल (पत्राच्या तिसऱ्या पानावर ती आहे), तर तिचं उत्तर वहीत शोधायचं नसतं. रात्री घरी असाल त्या दिवशी जेवताना रूटवरचं काहीतरी सांगा. कुठल्या गावच्या आजीने अर्ध्या तिकिटाचे पैसे पदराच्या गाठीतून कसे सोडले, सुट्ट्यांवरून कोण भांडलं, पावसात कुठे गाडी अडकली. ‘हे लिही’ असं म्हणू नका. नुसतं सांगा. मुलांना ऐकायला आवडतं, आणि लिहिणाऱ्या मुलांना त्याहून जास्त.

अभिमान पोटात ठेवायचा तर त्याला काम द्यावं लागतं, नाहीतर तो ओठांवर येतोच. घरात दोन-चार लाँगबुकं आणून ठेवा, कुणासाठी ते बोलू नका. तिला कुलूप लागेल असा एखादा खण द्या, किल्ली एकच असू द्या. तालुक्याला सार्वजनिक वाचनालय असणारच. बालविभाग किंवा साधं सभासदत्व घेऊन द्या, पुस्तकं तिची तिने निवडावीत. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते आहे, त्यात मुलांनी लिहिलेलंही छापतात. अंक घरी येऊ द्या. आपल्या वयाची मुलं छापून येतात हे तिला तिथेच दिसेल, पत्ताही तिथेच असतो. पाकीट तिने चिकटवलं तर तिकीट तुम्ही लावा.

बायकोबद्दल. ‘ती असं म्हणेल’ हे तुम्ही तिला न विचारताच ठरवलंत. वहीतलं तिला सांगू नका, ते लेकीचं आहे. पण ‘पोरीला संध्याकाळी तासभर तिचा तिचा हवा, तेव्हा भांडी मी घासतो’ हे बोलता येईल. दहावीचं ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर राहिलं, म्हणून ती तसं बोलत असेल.

हे सदर वाचणाऱ्या इतर आईबापांसाठी दोन गोष्टी. ज्यांची मुलं वहीऐवजी मोबाइलवर, प्रतिलिपीसारख्या ठिकाणी टोपणनावाने लिहितात, त्यांनी खोटं खातं काढून मागे मागे फिरू नये. खरं नाव, शाळा, फोटो टाकायचा नाही आणि अनोळखी माणसाच्या खाजगी मेसेजला उत्तर द्यायचं नाही, एवढं आधीच मोकळेपणाने बोलून ठेवावं. आणि दुसरं: उदास कविता म्हणजे आजार नव्हे. पण मरण्याचा विचार, स्वतःला इजा, किंवा कुणी अंगाशी येत असल्याचं वाचनात आलं, तर ‘खाजगी आहे’ म्हणून गप्प बसायचं नाही. तेव्हा वाचल्याचं लगेच सांगायचं, रागवायचं नाही, मुलाला एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात. मुलांसाठी १०९८ आहे.

दादा, तुमच्या पत्राचं पाचवं पान, ज्यावर तिच्या तीन ओळी उतरवलेल्या आहेत, ते मी वेगळं काढून पाकिटात घातलं आहे आणि तुमच्या डेपोच्या पत्त्यावर तुमच्या नावाने पाठवते आहे. त्याची नक्कल माझ्याकडे ठेवलेली नाही. तिला सांगाल त्या दिवशी ते पान तिच्या हातात द्या. आणि सांगा, तिला न विचारता आणखी एका बाईने त्या तीन ओळी वाचल्या आहेत, ती बाईही माफी मागते.